दोर दिसला पाहिजे

सुळक्याचं नाव या लेखात येणार नाही. नाशिकहून चांदवडकडे जाताना सातमाळा रांगेत तो दिसतो, एवढंच सांगते. पायथ्याच्या गावाने आमच्याकडून तसा शब्द घेतला आहे आणि त्यांची भीती खरी आहे. त्र्यंबकजवळच्या हरिहरचं काय झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलेलं आहे. कातळात कोरलेल्या, छातीवर येणाऱ्या त्या पायऱ्यांचे व्हिडिओ फोनाफोनांतून फिरले आणि निरगुडपाड्याच्या, हर्षेवाडीच्या वाटांवर सुट्टीच्या दिवशी रांगा लागू लागल्या. अरुंद जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकू लागले. शेवटी वनखात्याला गर्दीवर मर्यादा घालाव्या लागल्या. त्याच किल्ल्याचा एक सरळसोट कडा १९८६ मध्ये डग स्कॉट या ब्रिटिश गिर्यारोहकाने चढला. प्रस्तरारोहण करणारे त्याला आजही स्कॉटिश कडा म्हणतात. पायऱ्यांवर फोन उंच धरून उभ्या असलेल्यांपैकी फार थोड्यांनी तो कधी नीट पाहिलेला असतो. आमच्या सुळक्याखाली कांद्याची रोपं आहेत आणि एकच झरा आहे. नाव पसरलं तर रोपं तुडवली जातील आणि झरा नासेल.

मी नाशिकमध्ये लग्नसमारंभांचे व्हिडिओ एडिट करते. घर त्यावर चालतं. कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत दोर घेऊन चढते आहे आणि गटात माझं काम बहुतेक वेळा बिलेचं. म्हणजे जो पुढे चढतो, त्या लीडरचा दोर सांभाळायचा: तो वर सरकला की सोडायचा, थांबला की धरायचा, पडला तर अडवायचा. गेल्या हंगामात या सुळक्यावर नवीन वाटेने चढाई करायचं ठरलं तेव्हा मोहिमेची फिल्म करायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. गिर्यारोहणाचं साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने दोर, कातळात भोक पाडून ठोकायचे बोल्ट आणि जाण्यायेण्याचा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. बदल्यात त्यांना फिल्म हवी होती. त्यांच्या ईमेलमध्ये एक ओळ ठळक केलेली होती: पहिल्या आठ सेकंदांत बघणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे.

गंगापूर रोडला एका मित्राच्या ऑफिसात पहिली बैठक झाली. कंपनीच्या माणसाने दृश्यांचा आराखडाच करून आणला होता. पहाटे धुक्यात नारळ फुटतोय, गावकरी फेटे बांधून ढोल वाजवतायत. लीडरची बोटं कपारीत, अगदी जवळून. पाय सटकतो, दगड खाली जातो. माथ्यावर हात पसरलेला माणूस आणि त्याच्याभोवती गरगरणारा ड्रोन. मी तो आराखडा दोनदा वाचला. त्यात दोर कुठेच नव्हता, दोर धरणारं माणूसही नव्हतं.

या युक्त्या मला परक्या नाहीत. स्लो मोशन, ड्रोन, नेमक्या क्षणी चढणारं संगीत, हे मी रोज वापरते आणि मनापासून वापरते. नवरा-नवरीला आपला दिवस तसाच आठवायचा असतो. ती फिल्म त्यांची असते, तिच्यामुळे कुणाचा जीव धोक्यात येत नाही. सुळक्यावरच्या फिल्मचं तसं नाही. ती बघून कुणीतरी पोरगं पुढच्या रविवारी घराबाहेर पडतं. त्याने फिल्ममध्ये दोर पाहिला नसेल, बिले पाहिलं नसेल, हातोडीने भोक पाडत घालवलेला अर्धा तास पाहिला नसेल, तर त्याच्या मनात चढाई म्हणजे बोटं, धाडस आणि माथा एवढीच राहते. आमच्या गटातले जुने लोक कितीतरी वेळा कड्यात अडकलेल्या मुलांना उतरवायला गेलेले आहेत. त्या मुलांच्या फोनमध्ये काय सापडतं ते त्यांना विचारा. म्हणून बैठकीत मी एवढंच म्हटलं, की गाळायचं ते गाळू, पण दोर दिसला पाहिजे.

ढोलाचं मात्र तिथेच मिटलं नाही. आम्ही गावात गेलो तेव्हा ज्या मामांच्या ओसरीवर सामान ठेवलं होतं त्यांना कंपनीच्या माणसाने विचारलं, वीस-पंचवीस माणसं फेटे बांधून उभी करता येतील का. मामा म्हणाले, "करू की. पण आम्ही काय सुळक्याला ढोल वाजवत नाही. चैत्रात देवीला वाजवतो." सुळक्याच्या पायथ्याला शेंदूर लावलेला एक दगड आहे. तिथे आम्ही नेहमी नारळ फोडतो, गावातलं कुणी सोबत असलं तर तेही हात जोडतात. तेवढंच असतं.

मला १९२४ ची एव्हरेस्ट मोहीम आठवत होती, आणि ती गोष्ट मी त्याच ओसरीवर सगळ्यांना सांगितली. मॅलरी आणि अर्व्हिन ज्या मोहिमेतून परतले नाहीत तीच ही. तिचे चित्रीकरणाचे हक्क कॅप्टन जॉन नोएल यांनी ८,००० पौंडांना घेतले होते. त्या काळात ही प्रचंड रक्कम होती आणि मोहिमेचा मोठा खर्च तिच्यातून निघाला. पैसे वसूल व्हायचे तर फिल्म चालायला हवी होती. लंडनमध्ये ती दाखवताना नोएल यांनी तिबेटी लामांना आणून रंगमंचावर नाचवलं. धार्मिक विधी तमाशासारखे मांडलेले पाहून तिबेटमध्ये संताप झाला आणि पुढची कित्येक वर्षं ब्रिटिशांना एव्हरेस्टची परवानगी मिळाली नाही. पुढची मोहीम थेट १९३३ मध्ये निघाली. नोएल यांनी डोंगरावर केलेलं चित्रण अस्सल होतं, त्या थंडीत त्या काळच्या कॅमेऱ्याने तसं काम करणं ही असामान्य गोष्ट होती. दरवाजा बंद झाला तो डोंगरावरच्या चित्रणामुळे नाही, लोकांना सजावट म्हणून उभं केल्यामुळे. मामांनी गोष्ट ऐकून घेतली आणि विचारलं, "मग त्या लामांना घरी कोणी पोचवलं?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही. ढोलाचा विषय मात्र तिथे संपला.

रेकीत, म्हणजे चढाईआधीच्या पाहणीत, आम्ही दुर्बीण घेऊन बराच वेळ फक्त कडा बघत बसलो. हिवाळा हा गिधाडांच्या विणीचा काळ. नाशिक जिल्ह्यात लांब चोचीची गिधाडं अशाच कड्यांच्या कपारींत घरटी करतात, अंजनेरीला तर ती बघायला लोक मुद्दाम जातात. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले असते तर चढाईच रद्द केली असती. ते दिसले नाहीत. पण डाव्या बाजूच्या छताखाली आग्यामोहोळाचे चार-पाच पोळे लटकत होते. ड्रोन चालवणाऱ्या मुलाला नेमका तोच कोन हवा होता, कारण तिथून सुळका सगळ्यात बारीक आणि उंच दिसतो. ड्रोनची घरघर आणि वारा लागून मोहोळ उठलं तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर नकाशा तपासून झाला होता. देवळालीच्या तोफखान्यापासून आणि ओझरच्या विमानतळापासून आम्ही पुरेसे लांब होतो, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. अडचण मोहोळाची होती आणि आवाजाची. लीडर वरून "दोर सोड" म्हणतो की "दोर घे" म्हणतो, हे मला खाली स्पष्ट ऐकू यायला हवं. या दोन शब्दांची गल्लत झाली तर माणूस जातो. म्हणून ठरलं: लीडर चढत असताना ड्रोन जमिनीवर. तो एखाद्या पक्क्या अँकरला, म्हणजे कातळातल्या आधाराला, बांधून उभा राहिला, मला खूण केली, की मगच उजव्या बाजूने उडवायचा. ड्रोनवाला मुलगा नाराज झाला. त्याची नाराजी मला समजत होती, त्याच्या हातात कला आहे आणि कला दाखवायची संधी हुकत होती.

मग कॅमेरामनच्या दोराचा प्रश्न आला, आणि माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला तोच सगळ्यात गंभीर. लीडरचा चेहरा टिपायचा तर कुणीतरी त्याच्या वर किंवा बाजूला लटकलेलं हवं. लटकायला अँकर हवा. बाजूचा कातळ सलग, भेग नाही, म्हणजे बोल्ट ठोकावा लागणार. चढाईला ज्याची गरज नाही असा बोल्ट, फक्त कॅमेऱ्यासाठी. कंपनीचा माणूस म्हणाला, दोन-चार भोकांनी डोंगराला काय होतंय.

दक्षिण अमेरिकेत, सोसाट्याच्या वाऱ्याच्या पाटागोनियात सेरो टोरे नावाचा सुळका आहे. तिथे २०१० मध्ये नेमकं हेच झालं होतं. डेव्हिड लामा हा एकोणीस वर्षांचा ऑस्ट्रियन मुलगा तिथली एक वाट फक्त हातापायांच्या जोरावर चढायचा प्रयत्न करणार होता आणि एका पेयाच्या कंपनीसाठी त्याची फिल्म होत होती. चित्रीकरणाच्या पथकाच्या सोयीसाठी कातळात सुमारे ३० नवे बोल्ट ठोकले गेले. जगभरचे गिर्यारोहक खवळले. गंमत म्हणून नव्हे, दुःखाने सांगते, की ती वाट मुळातच बोल्टसाठी बदनाम होती: १९७० मध्ये चेझारे माएस्त्री यांनी कॉम्प्रेसर वर नेऊन शेकडो बोल्ट ठोकत ती काढली होती. लामाने पुढे २०१२ मध्ये ती चढाई खरोखर करून दाखवली, आणि ती फार मोठी कामगिरी होती. तरी त्याच्याबद्दल बोलताना ते ३० बोल्ट अजून निघतात. त्यातले बहुतेक त्याने स्वतः ठोकलेलेही नव्हते.

मी हे सगळं बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या लीडरने, ज्याला आम्ही दादा म्हणतो, एक नियम मांडला. चढाईला जे अँकर लागतील त्यांवरूनच कॅमेऱ्याचा दोर लागेल. म्हणजे दादाने एक टप्पा पुरा करायचा, वर अँकर पक्का करायचा, मग त्या अँकरवरून दुसऱ्या दोराने कॅमेरामन जुमार करत, म्हणजे दोरावर सरकणाऱ्या पकडीने वर, जाणार आणि पुढचा टप्पा तिथून टिपणार. परिणाम असा की प्रत्येक टप्प्याची सुरुवात वरून दिसत नाही, फक्त खालून किंवा पाठमोरी दिसते. आम्ही ते मान्य केलं. शिवाय सगळ्यात अवघड जागी, जिथे छत ओलांडून बाहेर यायचं होतं, कॅमेरामन दादाच्या नजरेच्या टप्प्यात नको असं ठरलं. समोर ओळखीचा माणूस लेन्स रोखून बसला की हात नकळत घाई करतात. अॅलेक्स होनल्ड हा अमेरिकन गिर्यारोहक ३ जून २०१७ रोजी तिथल्या एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय चढला तेव्हा त्याचं चित्रीकरण करणारे स्वतः तयारीचे गिर्यारोहक होते, आणि तरीही सगळ्यात कठीण जागी त्यांनी माणूस न ठेवता दुरून चालणारे कॅमेरे लावले. आमच्याकडे तसली साधनं नव्हती. आम्ही एक जुना कॅमेरा तिपाईवर बिलेच्या जागी ठेवला, चालू करून दिला आणि विसरलो.

चढाईचा दिवस. काळा, घट्ट बेसॉल्ट, मध्ये मध्ये मुरमाड पट्टा. मुरमाच्या पट्ट्यात पिटॉन, म्हणजे भेगेत ठोकायची लोखंडी पाचर, बसत नाही, बसला तरी भरवसा नाही, त्यामुळे त्याच्या वरचा घट्ट थर गाठेपर्यंत लीडरला खालच्या बोल्टच्या आधारावरच जावं लागतं. दादाने पहिला टप्पा सहज काढला. दुसऱ्यात एका बोल्टसाठी हाताने भोक पाडायला घेतलं. एका पायावर भार, दुसरा पाय कपारीत, डाव्या हातात ड्रिल, उजव्यात हातोडी. ठोका, फिरव, फुंकर मार, पुन्हा ठोका. बेसॉल्टमध्ये एका भोकाला अर्धा तास सहज जातो. खाली मी मान वर करून, दोन्ही हात दोरावर ठेवून उभी. कातळाची पूड डोळ्यांत येत होती. या अर्ध्या तासात काहीच घडत नाही आणि तरीही चढाईतलं बरचसं याच अर्ध्या तासात असतं: पिंडरीचं थरथरणं, हात बदलणं, खालच्या माणसाने मधूनच "आहे रे मी" म्हणणं.

त्या बोल्टच्या वर सहा-सात फुटांवर दादाचा उजव्या हाताचा होल्ड निघाला. ताटाएवढा कपचा. आधी "दगड!" अशी आरोळी आली आणि लगेच दोर ओढला गेला. मी अँकरला बांधलेली होते, तरी फूटभर उचलली गेले आणि कातळावर आपटले. बोल्टने धरलं. दोर ताणला जाऊन त्याने धक्का खाल्ला. दोन श्वासांनंतर वरून आवाज आला, "ठीक आहे. धरून ठेव."

कॅमेरामन त्या क्षणी बॅटरी बदलत होता. त्याच्याकडे पडण्याचं एकही दृश्य नव्हतं.

दादा पुन्हा चढला, तो टप्पा पुरा झाला, संध्याकाळी आम्ही उतरलो. खाली ओसरीवर चहा होता. मामांनी दादाची बोटं हातात घेऊन पाहिली, आत जाऊन हळद आणली. तिथेच कंपनीच्या माणसाने प्रस्ताव मांडला: उद्या पडण्याचं दृश्य पुन्हा करू. सगळं सुरक्षित ठेवून, वरून दुसरा दोर लावून, दोन फूट सोडायचं फक्त. मला वाटलं होतं दादा झटकन नाही म्हणेल. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "करू. पडलो तर होतोच ना. खोटं काय त्यात?" त्याच्या डोक्यात हिशेब होता. साहित्याचे पैसे निम्मेच आले होते आणि गटातल्या दोन मुलांनी कर्ज काढून शूज घेतले होते.

दादाचा प्रश्न चुकीचा नव्हता. होनल्ड २००८ मध्ये हाफ डोम हा अमेरिकेतला कडा दोराशिवाय चढला तेव्हा तिथे कॅमेरा नव्हता. पुढच्या वर्षी त्यातले काही भाग तो चित्रीकरणासाठी पुन्हा चढला. त्यात फसवणूक नव्हती, कारण खरी चढाई आधी झाल्याचं आणि हे नंतरचं असल्याचं लपवलेलं नव्हतं. पुन्हा चढण्याला माझी हरकत नाही. चढणं ही माणसाने ठरवून केलेली गोष्ट आहे, ती पुन्हा ठरवता येते. पडणं ठरवलेलं नसतं, हीच त्याची सगळी गोष्ट आहे. दोन फुटांवरून, आधी सांगून, वरच्या दोराच्या भरवशावर सोडलेला माणूस वेगळाच दिसतो. त्याचे हात वेगळे असतात, चेहरा वेगळा असतो. आणि ते बघणाऱ्या मुलाला वाटतं, पडणं असं असतं. मी दादाला म्हणाले, "दादा, दोर माझ्या हातात होता. तू काय खोटं पडशील, पण मी खोटा धक्का कसा खाऊ?" त्यावर कुणी काही बोललं नाही. पण दादाने दुसऱ्या दिवशी पडायला नकार दिला. आम्ही उरलेला टप्पा चढून माथ्यावर गेलो आणि तेवढंच केलं.

माथ्यावर फोटो काढताना नेहमीसारखी घाई नव्हती. दादाने प्रत्येकाला उभं करून मागे ओळखू येणारं काहीतरी येईल असा फोटो घेतला, एकीकडे धोडपचा माथा, दुसरीकडे खालची वस्ती. आपल्या महाराष्ट्राला याचं कारण ठाऊक आहे. २०१६ मध्ये पुणे पोलिसांतल्या एका जोडप्याने एव्हरेस्टच्या माथ्याचे फोटो दाखवले, ते दुसऱ्या गिर्यारोहकाच्या फोटोंत बदल करून केलेले निघाले आणि नेपाळने त्यांच्यावर १० वर्षांची बंदी घातली. तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्या गटांकडेही लोक पुरावा मागतात आणि त्यांनी मागावाच.

एडिटिंग माझ्या घरी झालं, रात्री, लग्नांची कामं आटोपल्यावर. पहिली जुळणी कंपनीने दिलेल्या एका हुशार मुलाने केली होती. ती बघताना मला पहिल्याच मिनिटाला खटकलं. आमचा दुसरा टप्पा उभा आहे, पण पोटाकडून बाहेर कललेला नाही. पडद्यावर मात्र दादा छताला पालीसारखा चिकटलेला दिसत होता. मी दृश्य थांबवलं. दादाच्या कमरेला एक मोकळी स्लिंग, म्हणजे पट्टीचा फास, लोंबत होती आणि ती सरळ खाली न जाता तिरपी, कातळाकडे झुकलेली होती. वारा तर नव्हता. मुलाने सगळं चित्र दहा-बारा अंशांनी फिरवलं होतं. लोंबणारी स्लिंग, सैल दोर, पाठपिशवीचा बंद, या गोष्टी गवंड्याच्या ओळंब्याचं काम करतात. पुढे कधी तुम्ही थरारक फोटो पाहाल तेव्हा आधी सैल दोर शोधा. उलटंही होतं: हेल्मेटवरचा रुंद लेन्सचा कॅमेरा खरा उभा कडा सपाट करून टाकतो आणि घाम फुटलेला माणूस जिना चढतोय असं वाटतं. म्हणजे खरं दाखवायलाही कॅमेरा कुठे ठेवायचा याचा विचार करावाच लागतो. मी चित्र सरळ केलं. टप्पा कमी भयंकर दिसायला लागला आणि जास्त अवघड.

या कामात मला दादासाहेब फाळक्यांची फार आठवण होत होती. नाशिककर म्हणून ती येतेच. त्र्यंबकेश्वरात १८७० मध्ये जन्मलेला हा माणूस, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्याचं स्मारक. १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी त्यांनी एक छोटी फिल्म केली होती. कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं आणि रोज एक चित्र, असं महिनाभर टिपत राहिले. पडद्यावर रोप काही क्षणांत उगवून वर येतं. ही चलाखी आहेच. महिना नाहीसा झालाय. तरी रोप खरोखर वाढलं होतं, त्या कुंडीत, तितक्या दिवसांत, आणि फाळक्यांनी फक्त काळ आखडला. त्याच फाळक्यांनी पुढे हनुमान उडवला, लंका जाळली, आणि लोक ते डोळे भरून बघायला गेले. भव्य दृश्याशी माझं भांडण नाही. पुराणातली लंका आहे हे बघणाऱ्याला माहीत असतं. आमच्या फिल्मवर मात्र सत्य घटना असं लिहिलेलं असणार होतं.

त्या वाटाण्याच्या रोपाने मला भोकाचं दृश्य कसं करायचं ते सुचवलं. अर्धा तास दाखवता येत नाही, तीन सेकंदांत उडवायचं नाही. मी ड्रिलचा आवाज अखंड ठेवला आणि चित्रं बदलत गेले: दादाचा पाय, माझी मान, कातळावर सरकलेली सावली, मामांची पाण्याची कळशी घेऊन वर आलेली सून. काळ आखडला आहे हे सावलीवरून कळतं. संगीत मी फक्त पायथ्यापर्यंतच्या चालीला ठेवलं. कातळावर नाही. हृदयाचे ठोके घालायची सूचना आली होती, ती घेतली नाही. ज्याला श्वास ऐकायचाय त्याला श्वास ऐकू येतो, तो ध्वनिमुद्रणात होता.

आणि पडणं. कॅमेरामनकडे नव्हतं, पण बिलेच्या जागी चालू करून विसरलेल्या तिपाईवरच्या कॅमेऱ्यात होतं. त्यात दादा नाही. त्यात मी आहे, पाठमोरी, दोर सोडतेय. मग आरोळी, दोर खणकन ताठ होतो, मी उचलली जाते, खांदा कातळाला लागतो, बाजूने कपचा जातो आणि खूप खालून तो फुटल्याचा आवाज येतो. मग दादाचा "ठीक आहे". आम्ही ते दृश्य न कापता ठेवलं.

कंपनीला फिल्म आवडली नाही. त्यांनी त्यांच्याकडच्या चित्रणातून चाळीस सेकंदांचं एक रील केलं, त्यात दोर पुसलेला नाही पण दिसेल इतका वेळ कुठलंच चित्र टिकत नाही. उरलेले पैसे त्यांनी दिले, तो शब्द पाळला, हे नोंदवायला हवं. रील आमच्या फिल्मपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिलं. मला त्याचा त्रास झाला आणि अजून होतो.

आमची फिल्म आम्ही सगळ्यात आधी गावात दाखवली, शाळेच्या भिंतीवर. मामांची सून पडद्यावर आली तेव्हा बायकांनी एकच गलका केला. पडण्याचं दृश्य आलं तेव्हा शांतता झाली नाही, उलट सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "तूच का ती दोर धरणारी? मग तो वरचा तुझा कोण?" मी म्हणाले, कोणी नाही, दादा म्हणते. "मग एवढं कशाला धरलंस?" असं म्हणून ती हसली आणि माझा खांदा चाचपून बघितला. नंतर नाशिकमध्ये एका छोट्या सभागृहात दाखवली. तिथे कॉलेजच्या मुलांनी बोल्टबद्दल, दोराच्या जाडीबद्दल, बिलेवाल्याचं वजन कमी असेल तर काय करायचं याबद्दल विचारलं. एका मुलाने विचारलं की इतका वेळ हातोडी ऐकवायची गरज होती का. मी हो म्हटलं.

आता पुढच्या हंगामाची बोलणी चालू आहेत. दादाचं म्हणणं आहे की यापुढे कॅमेराच नको. त्याचं कारण पटण्यासारखं आहे: ओसरीवरच्या बोलण्यात तो खोटं पडायला जवळपास तयार झाला होता, आणि ते त्याला स्वतःबद्दल आवडलेलं नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. आम्ही कॅमेरा ठेवून दिला तरी चाळीस सेकंदांची रीलं बनतच राहणार आणि त्यांच्या शेजारी ठेवायला काही उरणार नाही. लटकणारा कॅमेरामन नको, ड्रोन नको, प्रायोजक नको, हे सगळं मला मान्य आहे. पण बिलेच्या जागी तिपाई हवी. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. बोल्टची यादी काढून झाली आहे, मामांना निरोप गेला आहे, तिपाईचा निर्णय पायथ्याला पोचल्यावर घेऊ असं दादा म्हणतो.